दोन बेटांचा माणूस

शाळा-कॉलेजात शरीरशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने पॉल लँगरहान्सचे नाव एकदा तरी पाठ केलेले असते. स्वादुपिंडातल्या ज्या पेशीपुंजांतून इन्सुलिन पाझरते, त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात, हे एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर. उत्तर लिहून झाले की नाव विसरायचे, हाही रिवाज जुनाच. हा माणूस कोण, कुठला, किती जगला, कशाने गेला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्वचारोगाच्या डॉक्टरांना हेच नाव वेगळ्या संदर्भात भेटते. आपल्या कातडीच्या वरच्या थरात फांद्या पसरून बसलेल्या काही पेशी आहेत, त्यांनाही लँगरहान्सच्या पेशी म्हणतात. हे दोन लँगरहान्स वेगवेगळे असावेत, असे पुष्कळांना वाटते. ते एकच. आणि दोन्ही शोध लागले तेव्हा त्याला बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

या दोन शोधांची गंमत आणखी एका गोष्टीत आहे. कातडीतल्या पेशी पाहून त्याने तर्क केला की त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात. प्रत्यक्षात त्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या निघाल्या. स्वादुपिंडातले पुंज पाहून त्याने, फारसा आग्रह न धरता, एक शक्यता नोंदवली की त्या लसीकाग्रंथी असाव्यात, म्हणजे प्रतिकारशक्तीशी संबंधित. प्रत्यक्षात त्या संप्रेरके बनवणाऱ्या निघाल्या. दोन्ही निरीक्षणे अचूक, दोन्ही तर्क चुकलेले. आज स्वादुपिंडाच्या कर्करोगावर काम करणारे संशोधक ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, तो प्रश्न या दोन शोधांच्या बरोबर मध्ये उभा आहे. या ग्रंथीत गाठ झाली की प्रतिकारक पेशी तिथे जाऊन गप्प का बसतात? म्हणून या अल्पायुषी जर्मन डॉक्टरची कहाणी आज नव्याने वाचण्यासारखी आहे.

बर्लिनचे घर

पॉलचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील डॉक्टर होते आणि शहराच्या राजकारणात उदारमतवादी पुढारी म्हणून त्यांचे वजन होते. आई तो लहान असतानाच गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि सावत्र भाऊही पुढे वैद्यकाकडेच वळले. घरात पेशंटांचा आणि पुढाऱ्यांचा राबता. त्यांत एक नाव फार मोठे होते, रुडॉल्फ विर्खो यांचे. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीतूनच जन्मते, रोग म्हणजे पेशींचा बिघाड, हा विचार वैद्यकात रुजवणारे हे विर्खो. बर्लिनच्या सांडपाण्याच्या योजनेपासून संसदेतल्या बिस्मार्कविरोधापर्यंत त्यांचा संचार. अशा माणसाची ओळख घरातच झालेली असल्यावर मुलाने कुठे जावे हे जवळजवळ ठरलेलेच होते.

शाळा संपवून पॉल आधी येना विद्यापीठात गेला. तिथे हेकेल आणि गेगेनबाउर यांच्यासारखे शिक्षक होते. डार्विनचे वारे तिथे जोरात वाहत होते आणि समुद्रातल्या क्षुद्र जिवांकडे आदराने पाहण्याची सवय त्याला तिथे लागली असावी. ती पुढे त्याच्या कामी आली. येनाहून तो बर्लिनला परतला आणि विर्खोंच्या संस्थेत काम करू लागला.

विर्खोंनी १८६३ मध्ये गाठींवर व्याख्याने दिली होती. कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी सापडतात, जिथे दीर्घकाळ दाह होत राहतो तिथे गाठ उद्भवते, असे त्यांना दिसले होते. गाठीतल्या पांढऱ्या पेशी तिथे करतात काय, हा प्रश्न मात्र त्या काळच्या साधनांच्या पलीकडचा होता. कारण पांढऱ्या पेशी एरवीही काय करतात, हेच कुणाला नीट ठाऊक नव्हते.

सोने आणि हिंगूळ

सूक्ष्मदर्शकाखाली शरीराचा तुकडा नुसता ठेवला तर बहुतेक सारे पारदर्शक दिसते. रंग दिल्याशिवाय काही उमगत नाही. विर्खोंच्याच संस्थेतील कोनहाइम यांनी त्या सुमारास गोल्ड क्लोराइडची, म्हणजे सोन्याच्या क्षाराची, पद्धत काढली होती. तिने मज्जातंतू काळसर उठून दिसत. विद्यापीठाने जाहीर केलेल्या एका निबंधस्पर्धेसाठी लँगरहान्सने हीच पद्धत माणसाच्या त्वचेवर वापरली. वरच्या थरात त्याला काळ्या, फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. मज्जातंतू रंगवणाऱ्या क्षाराने रंगल्या, आकारही मज्जापेशींसारखा, म्हणून त्या मज्जासंस्थेच्याच, असा त्याने अर्थ लावला. हा निबंध १८६८ साली विर्खोंच्या नियतकालिकात छापून आला. लेखक एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८६९ मध्ये, त्याने डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. विषय होता स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना. हा अवयव अभ्यासाला मोठा कठीण. पाचकरस बनवणारी ही ग्रंथी प्राणी मेल्यावर स्वतःलाच पचवू लागते. लँगरहान्सने मुख्यतः सशांवर काम केले, नलिकांत निळा रंग भरून त्यांचे जाळे पाहिले, ऊती द्रावणात मुरवून पेशी सुट्या केल्या आणि एकामागून एक त्यांचे नऊ प्रकार नोंदवले. त्यांतला एक प्रकार वेगळा होता. लहान, बहुकोनी, स्वच्छ पेशी, साऱ्या ग्रंथीत विखुरलेल्या, पण घोळक्याने राहणाऱ्या. एकेका घोळक्याचा व्यास दशांश ते पाव मिलिमीटर. या पेशी कशासाठी आहेत, ते आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. पदवीच्या प्रबंधात असे लिहायला धैर्य लागते.

तिसरे काम फारसे कुणाला आठवत नाही. त्याच १८६९ साली हॉफमन नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने प्राण्यांच्या रक्तात हिंगुळाचे कण सोडले आणि ते कुठे जातात याचा माग काढला. लाल कण काही पांढऱ्या पेशींच्या पोटात सापडले, यकृतात आणि अस्थिमज्जेत ठाण मांडून बसलेल्या पेशींतही सापडले. परका कण गिळून ठेवणाऱ्या पेशी शरीरभर पसरल्या आहेत, याचे हे फार आरंभीचे दर्शन. मेचनिकोव्हला सिसिलीत तारामाशाच्या अळीत भक्षक पेशींचे रहस्य उलगडले ते १८८२ मध्ये, म्हणजे त्यानंतर तेरा वर्षांनी.

युद्ध, खुर्ची आणि खोकला

१८७० मध्ये भूगोलतज्ज्ञ रिशार्ड कीपर्टबरोबर तो इजिप्त, सीरिया, पॅलेस्टाइनच्या प्रवासाला गेला. तिथल्या कुष्ठरोग्यांना त्याने जवळून पाहिले. परतला तोवर फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले होते. सैन्याबरोबर जखमींची सेवा केली. १८७१ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात शवविच्छेदनाचे काम मिळाले आणि १८७४ पर्यंत तो प्राध्यापक झाला होता. सत्ताविसाव्या वर्षी खुर्ची, नाव, बर्लिनच्या गुरूचा आशीर्वाद. एखाद्याचे सारे मार्गी लागले असे म्हणावे अशी ही वेळ.

त्याच वर्षी त्याला क्षयाने गाठले. शवविच्छेदनाच्या टेबलावरूनच तो आला असावा, असे मानले जाते. ज्या शतकात युरोपात दर काही मृत्यूंमागे एक क्षयाचा होता, त्या शतकात डॉक्टरला हे निदान काय सांगते, ते वेगळे सांगायला नको. औषध नव्हतेच. होती ती हवापालटाची आशा. नेपल्स झाले, काप्री झाले, स्वित्झर्लंडचे डोंगर झाले. खोकला गेला नाही. अखेर १८७५ मध्ये तो अटलांटिक महासागरातल्या मादेइरा या पोर्तुगीज बेटावर उतरला. फ्रायबुर्गची खुर्ची सुटली ती कायमची.

मादेइराने त्याला तेरा वर्षे दिली. रोग पुरता गेला नाही, पण दबला. कसा दबला, हे आज आपण सांगू शकतो. शरीर क्षयाच्या जंतूंना मारू शकले नाही तर त्यांच्याभोवती भक्षक पेशींचे कडे करते. कड्याबाहेर तंतूंची भिंत उभी राहते आणि जंतू आत कोंडले जातात. भिंत टिकली तर माणूस वर्षानुवर्षे जगतो. लँगरहान्सच्या फुप्फुसात हेच घडले असावे. शरीराने स्वतःच्या ऊतीची तटबंदी उभारून शत्रूला कोंडले आणि त्या कोंडलेल्या शत्रूसह हा माणूस फुंशालच्या रस्त्यांवरून हिंडत राहिला. ही तटबंदी ध्यानात ठेवावी. पुढे ती दुसऱ्या रूपात भेटणार आहे.

बरे वाटू लागताच त्याने फुंशालमध्ये वैद्यकी सुरू केली. हवापालटासाठी आलेले युरोपीय क्षयरोगी हेच त्याचे मुख्य पेशंट. रोगी आणि वैद्य एकाच दुखण्याचे. प्रयोगशाळा नव्हती, पण समुद्र होता. येनाची जुनी सवय जागी झाली. किनाऱ्यावरचे वलयांकित कृमी गोळा करून तो त्यांचे वर्णन करू लागला, नव्या जातींना नावे देऊ लागला. त्यांतल्या एका प्रजातीला त्याने आपल्या गुरूच्या नावावरून व्हिर्चोविआ हे नाव दिले. मैत्रीची ही पावती बर्लिनला पोचली तेव्हा त्या मुत्सद्दी म्हाताऱ्याला हसू आले असेल की गहिवर, कोण जाणे. कोखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यावर लँगरहान्सने क्षयाच्या कारणांवरही लिहिले. मादेइराला येणाऱ्यांसाठी त्याने एक मार्गदर्शकही तयार केले. ते १८८५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आपल्या एका दिवंगत रुग्णाच्या पत्नीशी, मार्गारेट एबार्ट हिच्याशी, त्याचे लग्न झाले. संसार उणापुरा तीन वर्षांचा झाला. फुप्फुसांनी सोडले तर मूत्रपिंडांनी धरले. २० जुलै १८८८ रोजी तो गेला. चाळीस वर्षे पुरी झाली होती, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते. फुंशालच्या ब्रिटिश दफनभूमीत त्याला पुरले.

मरणानंतरचे वर्ष

त्याच्यामागोमागचे १८८९ हे साल विलक्षण निघाले. स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. तेव्हा कुठे या ग्रंथीत पाचकरसाखेरीज आणखी काही बनते, हे उमगले. १८९३ मध्ये फ्रान्सच्या लागेस यांनी ते पेशीपुंज पुन्हा पाहिले, त्यांचे काम अंतर्गत स्राव करण्याचे असावे असे सुचवले आणि त्यांना लँगरहान्सचे नाव दिले. टोरांटोत १९२१ मध्ये इन्सुलिन हाती लागले, १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले.

त्याच १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कर्करोग शरीरात वाटेल तिथे पसरत नाही, ठरावीक अवयवांतच रुजतो, असे त्यांना आढळले. बी कितीही जोमदार असले तरी जमीन मानवावी लागते, असा त्यांचा मथितार्थ. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. वैद्यकाने मात्र पुढची जवळजवळ शंभर वर्षे सारे लक्ष बियाण्यावरच दिले.

कातडीतल्या पेशींचे कोडे तर आणखी लांबले. त्या रंगद्रव्याच्या जीर्ण पेशी असाव्यात, असाही एक समज मध्यंतरी रूढ होता. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्यांचे काम हेराचे. परक्या वस्तूचा तुकडा उचलायचा, लसीकाग्रंथीत न्यायचा आणि तिथल्या टी पेशींना दाखवून लढाईचा आदेश द्यायचा. लँगरहान्सच्या त्वचेतल्या पेशी याच जातकुळीच्या निघाल्या. एका विद्यार्थ्याने सोन्याच्या पाण्यात रंगवलेल्या पेशींचा अर्थ लागायला शंभर वर्षे जावी लागली.

कुंपण आणि शेत

आता त्या तटबंदीकडे येऊ. स्वादुपिंडाचा नेहमी आढळणारा कर्करोग लँगरहान्सच्या बेटांत होत नाही. तो होतो पाचकरसाच्या नलिकांच्या अस्तरात, ज्या नलिकांत त्याने निळा रंग भरला होता. बेटांतल्या पेशींच्याही गाठी होतात, पण त्या क्वचित आणि सहसा संथ. नलिकांचा कर्करोग मात्र दयामाया जाणत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानेच गेले. अमेरिकेत २०२५ साली जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार निदानानंतर पाच वर्षे जगणारे जेमतेम १३ टक्के आहेत.

या गाठीचा छेद घेऊन पाहिला तर कर्कपेशी थोड्याच दिसतात. कित्येक गाठींत ८० टक्क्यांपर्यंतचा ऐवज भोवतालच्या ऊतीचा असतो. स्वादुपिंडात तारकेच्या आकाराच्या काही पेशी एरवी निवांत पडून असतात. यकृतातल्या तशा पेशी कुप्फरने १८७६ मध्ये पाहिल्या त्या गोल्ड क्लोराइडनेच. स्वादुपिंडातल्या पेशी वेगळ्या काढून अभ्यासता आल्या त्या १९९८ मध्ये. कर्कपेशींनी रासायनिक हाक दिली की या तारकापेशी जाग्या होतात आणि जखम भरायला घ्यावी तशा कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. जखम भरली की थांबायचे असते. इथे थांबणे नाही. गाठ दगडासारखी होते, रक्तवाहिन्या दाबल्या जातात, औषध आत पोचत नाही, प्राणवायूही बेताचाच.

प्रतिकारक पेशींची अवस्था याहून वाईट. मारेकरी टी पेशी येतात, पण भिंतीबाहेरच्या तंतूंत अडकून पडतात. भोवतालच्या तंतुजनक पेशी असे रसायन सोडतात की टी पेशींना कर्कपेशींजवळ जाववत नाही. गाठ मज्जेतून अपरिपक्व पांढऱ्या पेशी बोलावून घेते आणि त्या टी पेशींना दाबून ठेवतात. ज्या भक्षक पेशी एरवी हिंगुळाचा कण पाहताच गिळतात, त्या इथे बाजू बदलतात. टी पेशींना लागणारे आर्जिनिन हे अमिनो आम्ल खाऊन टाकतात आणि गाठीला खतपाणी घालतात. फांद्यांच्या हेरपेशी मुळातच थोड्या, ज्या असतात त्याही पुरत्या वयात न आलेल्या. खबरच पोचत नाही, मग फौज निघणार कशी? क्षयात जी भिंत शत्रूला कोंडते, ती इथे शत्रूला आसरा देते. कुंपणच शेत खाऊ लागते.

मग कुंपण उपटून टाकावे, हा सरळ विचार. २००९ मध्ये उंदरांत तो यशस्वी होताना दिसला. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र त्या जातीचे औषध अपयशी ठरले. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत दाखवले की तंतुजनक पेशी सरसकट काढल्या की गाठ अधिकच मोकाट सुटते. तंतूंमधला चिकट पदार्थ विरघळवणारे दुसरे औषध २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत नापास झाले. म्हणजे कुंपण शेत खात होते तसे काही अंशी गुरांनाही अडवत होते. या तंतुजनक पेशींतही अनेक प्रकार आहेत, काही भिंत बांधणारे, काही दाहाची रसायने सोडणारे, हे आता कळले आहे. कोणत्या पेशीला काढायचे आणि कोणत्या पेशीला समजवायचे, हा आजचा खरा प्रश्न.

हेरपेशींचे जनक राल्फ स्टाइनमन यांना २००७ मध्ये स्वादुपिंडाचाच कर्करोग झाला. शस्त्रक्रिया आणि औषधांबरोबर त्यांनी आपल्याच डेंड्रिटिक पेशींना गाठीची ओळख करून देणाऱ्या प्रायोगिक लसी स्वतःवर घेतल्या. साडेचार वर्षे ते जगले. त्या उपायांचा वाटा किती, हे एकट्या रुग्णावरून ठरवता येत नाही. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले आणि ३ ऑक्टोबरला, मृत्यूची बातमी पोचण्यापूर्वी, त्यांना नोबेल जाहीर झाले. मरणोत्तर पारितोषिक देऊ नये असा नियम असूनही ते कायम ठेवण्यात आले. लँगरहान्सच्या दोन शोधांची गाठ अशी एका माणसाच्या देहात पडली.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावर प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच गाठीवरून एमआरएनए लस बनवली गेली. तिचा भर या हेरपेशींवरच. १६ पैकी ८ जणांत टी पेशी जाग्या झाल्या आणि त्यांच्यात रोग परतायला इतरांपेक्षा उशीर लागला. आकडा लहान आहे, ढोल वाजवण्याजोगा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की लस टोचण्याआधी गाठ तिच्या तटबंदीसकट काढून टाकलेली होती.

तटबंदी जागेवर असताना हेच कसे साधायचे, ते अजून कुणाला जमलेले नाही. लँगरहान्सच्या १८६९ च्या प्रबंधाचे १९३७ मध्ये इंग्रजीत भाषांतर झाले. इन्सुलिन मिळून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, तरी हा प्रबंध नव्याने वाचावा असे लोकांना वाटले. त्यात एका तरुणाने जे दिसले ते मोजून लिहिले आहे आणि जे कळले नाही त्यापुढे जागा मोकळी सोडली आहे. पहिली मोकळी जागा भरायला अर्धे शतक लागले. त्याच ग्रंथीतली दुसरी जागा अजून मोकळी आहे, आणि तिच्यापुढे आज रुग्ण वाट पाहत आहेत.